मतं न पटणाऱ्या संस्थेला देणगी द्यावी का?

पंचगंगेने पात्र सोडलं की कोल्हापुरात हा वाद हमखास निघतो. एकीकडे मोठा धार्मिक ट्रस्ट. ट्रॅक्टर, स्वयंपाकाची भांडी, माणसं, सगळं तयार. पण बायकांनी कसं वागावं यावरचं त्यांचं प्रवचन ऐकलं की डोकं फिरतं. दुसरीकडे आपल्याच विचारांची चार पोरं. तळमळ भरपूर, शिरोळला जायला टेम्पो नाही.

ट्रस्टकडून मदत लवकर पोचते, हे मान्यच. पण पावतीवर ‘फक्त पूरग्रस्तांसाठी’ लिहून घेतलं तरी तेवढे त्यांचे स्वतःचे पैसे मोकळे होतात आणि प्रवचनाच्या मांडवाला लागू शकतात. तांदूळ-चादरी दिल्या तरी हा दोष पुरता जात नाही. शिवाय वस्तू दिल्या तर देणगीवरची प्राप्तिकरातली वजावट मिळत नाही (दोन हजारांवरच्या रोख देणगीवरही नाही).

तरी शाहू महाराज आठवतात. जातिभेद मोडायला निघालेल्या या राजाने १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा वेगवेगळ्या बोर्डिंगांना हात दिला. पोरं शिकतायत ना, मग झालं!

पोरांच्या गटाचं काम छोटं, पण हिशेब विचारता येतो, प्रसंगी कानही धरता येतो.

माझं मत: पुराच्या आठवड्यात ट्रस्ट, वर्षभराची देणगी पोरांना. मात्र जात-धर्म विचारून ताट वाढणाऱ्याला दमडीही नाही, मग त्याच्याकडे कितीही ट्रॅक्टर असोत.