तुटलेला शॉक आणि २ वर्षांची वॉरंटी: ऑक्टाव्हिया आरएसवर बसवलेल्या कॉइलओव्हर संचाचा अनुभव

माझ्याकडे २०१७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. २ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क असलेली ही गाडी कारखान्यातूनच साध्या ऑक्टाव्हियापेक्षा थोडी खाली बसलेली येते आणि तिच्या मूळ सस्पेन्शनबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तरीही वळणांवर ती अधिक घट्ट बसावी या हौसेपोटी मे २०२३ मध्ये मी १ लाख १२ हजार रुपये मोजून, उंची कमी-जास्त करता येणारा परदेशी बनावटीचा कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला) संच मुंबईतील एका विक्रेत्याकडून घेतला. १४ महिन्यांत, म्हणजे सुमारे १६ हजार किलोमीटर चालल्यावर, त्यातला पुढचा डावा शॉक, म्हणजे चाकाचे हेलकावे आवरणारी नळी, मोडला. वाद अजून मिटलेला नाही, म्हणून उत्पादकाचे व विक्रेत्याचे नाव येथे लिहीत नाही.

संच चालत होता तोवर चांगला चालला, हे आधी नोंदवले पाहिजे. मी गाडी फक्त २५ मिलिमीटर खाली घेतली होती. गतिरोधकावर पोट घासत नव्हते, वळणावरचे झुकणे स्पष्टपणे कमी झाले होते आणि द्रुतगती मार्गावर लेन बदलताना स्टिअरिंगला मिळणारा प्रतिसाद सुखावणारा होता. खटकणारी पहिली गोष्ट दिसली ती पहिल्या पावसाळ्यानंतर. उंची बदलण्यासाठी नळीवर जे आटे असतात त्यांवर तांबूस गंज चढला होता आणि त्यांवर फिरणाऱ्या रिंगा इतक्या आवळून बसल्या होत्या की सोबत दिलेला हुकासारख्या टोकाचा पाना वाकला, पण रिंग हलली नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते, कारण आट्यांवरचा मुलामा एका पावसात उतरतो तर वेल्डिंगवरचा रंग किती टिकणार?

जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी घाट उतरताना एका उजव्या वळणावर पुढून ‘टण्ण’ असा एकच मोठा आवाज आला आणि त्यानंतरच्या प्रत्येक वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला लवंडल्यासारखी झुकू लागली. ब्रेक आणि स्टिअरिंग शाबूत होते. अगदी हळू चालवत मी माणगाव गाठले आणि तिथून गाडी टोइंगने पुण्याला आणली. हा निर्णय योग्यच होता, हे जॅकवर चढवल्यावर कळले. शॉकपासून सुटलेली लिंक रॉड (जोडदांडी) टायरच्या आतल्या भिंतीवर घासून तिथे बोटभर लांबीचा चर पडला होता. घाटात वेग थोडा जास्त असता तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

नेमके काय तुटले ते सांगतो. या गाडीत पुढच्या स्टॅबिलायझर बारची, म्हणजे वळणावर गाडीचे झुकणे रोखणाऱ्या आडव्या दांड्याची, लिंक रॉड थेट शॉकच्या नळीवर वेल्ड केलेल्या एका जाड पत्र्याच्या कानाला जोडलेली असते. तो कान वेल्डिंगच्या कडेपासून निखळला होता. बार एका बाजूने सुटला की दुसऱ्या बाजूलाही त्याचा उपयोग उरत नाही, कारण पीळ धरण्यासाठी त्याची दोन्ही टोके बांधलेली असावी लागतात; म्हणून डावा कान तुटूनही गाडी दोन्हीकडे झुकत होती.

माझ्या नेहमीच्या गॅरेजमधल्या काकांनी तो तुकडा फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, ‘‘साहेब, हे आज तुटलेलं नाही. आज फक्त सुटलं.’’ तुटलेल्या पृष्ठभागाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग काळपट, गुळगुळीत होता आणि त्यावर खोडातल्या वलयांसारख्या बारीक कमानी दिसत होत्या. उरलेला कोपरा मात्र ताजा, करडा आणि साखरेसारखा दाणेदार होता. धातूला वारंवार ताण बसून भेग हळूहळू पुढे सरकते तेव्हा अशाच खुणा उमटतात, आणि एखाद्या खड्ड्याच्या एका धक्क्याने तुटलेल्या लोखंडावर त्या नसतात. उजवा शॉक काढून पाहिला, तर त्याच जागी केसाएवढी भेग सुरू झाली होती.

विक्रेत्याला मी त्याच संध्याकाळी फोटो, बिल आणि बसवणीची नोंद पाठवली. आठवडाभराने उत्तर आले की तुटण्याचे कारण रस्त्यातले खड्डे असून ते वॉरंटीत बसत नाही. उजव्या बाजूच्या भेगेचा फोटो पाठवल्यावर त्यांनी दुसरा प्रस्ताव दिला: कान स्थानिक वेल्डरकडून पुन्हा जोडून घ्यावा, मजुरी ते देतील. हा प्रस्ताव मला सर्वांत आक्षेपार्ह वाटला. शॉकच्या नळीत तेल आणि दाबाखालचा वायू असतो. तिच्यावर वेल्डिंगची उष्णता देणे धोक्याचे आहे, आतले सील जळतात ते वेगळेच, आणि हे सस्पेन्शन विकणाऱ्याला ठाऊक नसावे हे पटत नाही. एकच शॉक सुटा मिळेल का, या प्रश्नाला त्यांनी शेवटपर्यंत उत्तर दिले नाही.

दरम्यान माळ्यावर जपून ठेवलेले मूळ शॉक आणि स्प्रिंग काकांनी पुन्हा बसवले. त्यांचे काम पाहण्यासारखे होते. ज्या बोल्टना ठराविक टॉर्कपर्यंत (पिळाच्या जोरापर्यंत) आवळल्यानंतर आणखी काही अंश फिरवायचे असते ते एकदा ताणले गेल्यावर पुन्हा वापरायचे नसतात, म्हणून त्यांनी ते सगळे नवे मागवले. मागच्या चाकांना धरणाऱ्या आर्मचे, रबरी बुश (सांध्यातली रबरी नळी) असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळले, नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहून लवकर फाटतात. आणि चाकांची अलाइनमेंट झाल्याशिवाय चावी हातात दिली नाही. डावा टायरही बदलावा लागला. टोइंग धरून एकूण खर्च ३१ हजारांवर गेला.

मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. महिनाभरातच विक्रेत्याकडून पुढच्या शॉकची नवी जोडी घरपोच आली. खोके उघडून पाहिले: तोच कान, तेच अरुंद वेल्डिंग, वर तोच काळा रंग. मी ती जोडी बसवलेली नाही आणि रक्कम परत मागितली आहे. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे जाण्यासाठी कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. कागद तयार आहेत.

असा संच घेण्याच्या विचारात असणाऱ्यांनी विक्रेत्याला पैसे देण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: एक शॉक किंवा एक माउंटिंग (शॉक गाडीला जोडणारा भाग) सुटे मिळते का, आणि वॉरंटीत ‘रस्त्याची स्थिती’ अशी पळवाट आहे का. शिवाय आपल्या गाडीत शॉक ज्या खोबणीत बसतो तिचा व्यास ५० मिलिमीटर आहे की ५५, हे मोजून घ्यावे. संच बसवलेला असेल, तर दर सर्व्हिसिंगला चाक काढून लिंक रॉडच्या कानाभोवतीचे वेल्डिंग तारेच्या ब्रशने साफ करून उजेडात पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे. माझ्या गाडीतली ती काळपट भेग कित्येक महिने तिथेच होती आणि दोन सर्व्हिसिंगमध्ये आम्ही कोणीही तिकडे पाहिले नाही.