घरात बातम्या कशावर घ्यायच्या: पेपर, टीव्ही की फोन?

पेपर बंद करावा का, हा विषय हल्ली बऱ्याच घरांत निघतो. फोनवर बातम्या येतातच, टीव्ही समोर आहेच, मग रद्दी कशाला साठवायची? आमच्याकडे हा विषय निघाला तेव्हा मी काही महिने तिन्ही गोष्टी मुद्दाम लक्ष देऊन वापरल्या. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. पेपर आणि टीव्ही घरातल्या सगळ्यांचे असतात, फोन एकेकट्याचा असतो. तुमच्या घरात राजकारणावर बोलणं होत असेल, तर निवड करताना हे सगळ्यात आधी धरा.

पेपर टेबलावर पडलेला असतो. वडील जी बातमी वाचून उठले तीच मुलगी नंतर वाचते. दोघांची मतं जुळणार नाहीत, पण बातमी तीच असते. जेवताना वाद झाला तर पान पुढे ओढून ‘हे बघ, इथे काय लिहिलंय’ असं म्हणता येतं, आणि मग समोरच्यालाही ते वाचावं लागतं. शिवाय खेळाचं पान शोधताना वाटेत अर्थसंकल्पाची चौकट दिसते, न शोधलेलं काहीतरी हाती लागतं. शेवटचं पान उलटलं की पेपर संपतो. ही मला त्याची फार मोठी सोय वाटते.

उणीव उघड आहे: पेपर थांबू शकत नाही. ठरलेल्या वेळी छपाई सुरू करावीच लागते. १९४८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘शिकागो ट्रिब्यून’ने मतमोजणी पुरी होण्याआधीच उमेदवार ड्यूई जिंकल्याचा मथळा छापला. कामगारांच्या संपामुळे त्यांना पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा लवकर छापायला पाठवावी लागली होती. जिंकले त्यांचे प्रतिस्पर्धी ट्रूमन, आणि तोच अंक हातात धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचा फोटो आजही जगभर ओळखला जातो. पण त्या चुकीतही मला पेपरची एक ताकद दिसते. छापलेलं पुसता येत नाही. चूक झाली तर ती सगळ्यांसमोर राहते.

टीव्हीचं गणित वेगळं आहे. १ जून १९८० ला सीएनएन ही अमेरिकी वृत्तवाहिनी सुरू झाली आणि चोवीस तास बातम्या ही कल्पना प्रत्यक्षात आली. आता चोवीस तास भरण्याएवढ्या बातम्या रोज घडत नाहीत. बातमीदार आणि कॅमेरा घटनास्थळी पाठवायला पैसे लागतात. चार जणांना चौकटींत बसवून चर्चा घडवणं त्यामानाने स्वस्त पडतं. म्हणून संध्याकाळी लावलं की एकच विषय, चढलेले आवाज, आणि तासाभराने नवीन काय कळलं हे सांगता येत नाही. घाई इथेही नडते. ७ नोव्हेंबर २००० ला, अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री, अमेरिकेतल्या वाहिन्यांनी फ्लोरिडा राज्य आधी उमेदवार गोर यांनी जिंकल्याचं सांगितलं, मग ते मागे घेतलं, मध्यरात्रीनंतर प्रतिस्पर्धी बुश यांना दिलं आणि तेही मागे घेतलं. शेवटी त्या राज्यात फरक निघाला ५३७ मतांचा.

तरीही वादळ येतंय, सभागृहात मोठं भाषण आहे, मतमोजणी चालू आहे, अशा वेळी टीव्हीच लावावा. घटना घडताना दिसते आणि अख्खं घर एकत्र बसून पाहतं. घटना संपून चर्चा सुरू झाली की मात्र बंद करावा.

फोनबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेकांचा कल तिकडेच आहे आणि त्याला कारणंही भक्कम आहेत. एखाद्या विधेयकावर वाद असेल तर विधेयकाचा मूळ मसुदा उघडता येतो, निकालपत्र पूर्ण वाचता येतं. हे पेपर देऊ शकत नाही. नजर अधू झालेल्यांना अक्षर मोठं करता येतं, बातमी मोठ्याने वाचून घेता येते. केवळ एवढ्यासाठीही ज्येष्ठांच्या हाती फोन असावा असं मला मनापासून वाटतं.

त्रास आहे तो फीडचा, म्हणजे ॲप आपल्यापुढे सरकवत राहतं त्या बातम्यांच्या रांगेचा. समोर काय यावं हे आपल्या आधीच्या टिचक्यांवरून ठरतं. त्यामुळे एकाच सोफ्यावर बसलेल्या दोघांना दोन वेगळे दिवस दिसतात. मग वाद मतांवर होत नाही, ‘असं घडलंच नाही’ इथपासून सुरू होतो. यात जवळच्या माणसांमध्ये कटुता येताना मी पाहिली आहे, आणि तिचं वाईट वाटतं.

खोट्या बातम्यांचं तर मोजमाप झालेलं आहे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि १,५०० लोकांपर्यंत पोचायला खरीला सहापट वेळ लागला. राजकीय खोटं सर्वांत वेगाने पसरलं. बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, वगळून पाहिलं तरी चित्र बदललं नाही, म्हणजे पाठवणारी आपल्यासारखीच माणसं होती. व्हॉट्सअॅपवर दुहेरी बाण असलेला निरोप पाच किंवा अधिक हातांतून आलेला असतो. तो बाण दिसला की मी तो निरोप पुढे पाठवत नाही.

फोनच ठेवायचा ठरलं तर दोन बदल आधी करा. बातम्यांची सगळी नोटिफिकेशन बंद करा. आणि फीडमधून बातमीवर जाण्याऐवजी थेट दोन भरवशाच्या वृत्तसंस्थळांचं मुखपृष्ठ उघडा. तिथे बातम्यांचा क्रम बहुतांशी संपादकाने लावलेला असतो. ई-पेपर हा मधला मार्ग आहे. पान तेच, संपतंही. पण तो एकाच्याच पडद्यात राहतो आणि लहान स्क्रीनवर पान चिमटीने ताणत बसावं लागतं. टॅबलेट असेल तरच घ्या. रेडिओचं छोटं बातमीपत्र हात कामात असताना उत्तम, त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

एकटे राहत असाल, बातमीची खोली हवी असेल, तर वरचे दोन बदल करून फोन पुरेल. घरात शाळकरी मुलं असतील किंवा तीन पिढ्या एकत्र असतील, तर निदान एक छापील पेपर चालू ठेवा, रोजचा जमत नसेल तर सुट्टीच्या दिवसाचा तरी. आम्ही तेच केलं. टीव्हीवरच्या संध्याकाळच्या चर्चा बंद झाल्या, पेपर राहिला. आता फोनवर काही धक्कादायक आलं की मुलगी आधी विचारते, ‘पेपरात आलंय का हे?’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं ते शोधतो.