गिअरच्या दांड्याची भणभण: आठ महिन्यांत काय टिकलं, काय सुटलं

गाडी २०१४ची डिझेल हॅचबॅक, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम १८०० ते २१००च्या मध्ये आला की दांडा असा भणभणायचा, की शेजारी बसलेली बायको पर्समध्ये फोन शोधायला लागायची. हात ठेवला की गप्प, उचलला की सुरू. वर्षभर मी डावा हात दांड्यावर ठेवूनच गाडी हाकली. सवय वाईटच, कारण तो भार आत सिलेक्टर फोर्कवर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्यावर, जातो आणि फोर्क झिजतो.

पण हात ठेवल्यावर आवाज थांबतो, याचा अर्थ रोग बहुधा गिअरबॉक्सच्या बाहेरच आहे. न्यूट्रलमध्ये घरघर येऊन क्लच दाबताच थांबत असेल, तर संशय इनपुट शाफ्टच्या (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांडीच्या) बेअरिंगवर, आणि मग घरच्या घरी करण्यासारखं काही उरत नाही. माझं तसं नव्हतं, म्हणून मार्चमध्ये एका रविवारी पाना-पकड घेऊन बसलो.

सुरुवात नॉबपासून. आट्यांवर नळाची टेफ्लॉन टेप तीन वेढे गुंडाळली, भणभण निम्मी झाली. मेपर्यंत टेप चेपून नॉब पुन्हा डुगडुगायला लागला. आता तिथे निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब आहे आणि तो टिकलाय. माझ्या नॉबमध्ये आटे धातूचे आहेत म्हणून हे चाललं. प्लास्टिकच्या आट्यांना थ्रेडलॉकरने तडे जाऊ शकतात.

मग ऑफिसातल्या एकाचं ऐकून जड स्टीलचा नॉब आणला. आवाज गेला नाही, फक्त जागा बदलली: वजन वाढल्यामुळे दांडा आता १५०० आरपीएमलाच थरथरायचा, म्हणजे घाटातली कटकट सिग्नल-सिग्नलवर आली. चार दिवसांत जुना नॉब परत बसवला. स्टीलचा सध्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय.

कन्सोलखाली डबल टेपचा फोम लावला होता, तो उन्हाळ्यात सुटून खाली लोंबायला लागला. ब्युटाइल शीट (आवाज दाबणारा चिकट रबरी पत्रा) मात्र अजून घट्ट आहे. तिने फ्लोअरची घुमघुम कमी झाली, दांड्याला फरक शून्य.

खरा फरक बुशचा, म्हणजे सांध्यातल्या छोट्या कड्यांचा. माझ्या गाडीत दांडा गिअरबॉक्सला केबलने जोडलेला आहे. एअर फिल्टरचा डबा बाजूला केला की गिअरबॉक्सकडची केबलची टोकं दिसतात. तिथल्या प्लास्टिकच्या बुशची गोल भोकं झिजून लांबट झाली होती. दोन्ही मिळून १८० रुपये. जुने काढायला स्क्रू ड्रायव्हर, नवे बसवायला गरम पाणी आणि अंगठ्याचा जोर. दुसरा गिअर जो शोधावा लागायचा, तो आता खट्कन पडतो. एक चूक केली: दांड्याच्या बुडाशी असलेल्या रबरांना घरातलं साधं ग्रीस चोपडलं. तीन महिन्यांत ती फुगून लिबलिबीत झाली. नवी आणावी लागली. रबराला सिलिकॉन ग्रीसच हवं.

एवढं करून घाटात थोडी भणभण उरलीच होती. शेवटी गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर घेतली. मिस्त्रीने इंजिनखालच्या फाउंडेशनमध्ये (इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी आधारात), ज्याला टॉर्क रॉड म्हणतात, पहार घालून हलवून दाखवलं. रबर आरपार फाटलं होतं. म्हणाला, "साहेब, दांडा नाही हलत, इंजिन हलतंय. दांडा नुसता सांगतोय." १४५० रुपयांचा पार्ट, ४०० मजुरी, पाऊण तास. हे काम मी आधी केलं असतं तर स्टीलचा नॉब, फोम आणि निम्मे रविवार वाचले असते. बुश तरीही बदलावे लागलेच असते, ते झिजलेच होते.

आता थंडीत सकाळी पहिल्या स्टार्टला मिनिटभर हलकी थरथर येते, इंजिन तापलं की जाते. जुन्या डिझेलकडून एवढं मी चालवून घेतो. परवा साताऱ्याला जाताना घाटात पर्समध्ये फोन थरथरत होता. बायको म्हणाली, "अहो, परत सुरू झाला तुमचा दांडा." सासूबाईंचे तीन मिस्ड कॉल पडले.