माउसच्या डाव्या बटणासाठी तापकीर गल्ली: एक फसगत, एक चांगलं दुकान आणि बारा मिनिटांचं सोल्डरिंग

मी डीटीपी करते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, दिवाळीआधी एखाददुसरा अंक. दिवसाचे आठ-नऊ तास उजवा हात माउसवर असतो. २०१८ साली घेतलेला माझा माउस रोजच्या चपलेसारखा हाताला बसलाय. या मार्चपासून त्याच्या डाव्या बटणाने दगा द्यायला सुरुवात केली. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं व्हायचं. फाइल नुसती निवडायला जावं तर ती उघडूनच बसायची. त्याहून वाईट म्हणजे काही ओढत नेताना हातातून मध्येच सुटायचं. कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये गणपती पत्रिकेच्या माथ्यावर न्यायला निघावं, तर तो वधूपित्याच्या नावावर मांडी ठोकून बसायचा.

आठवडाभर विंडोजमध्ये डावं-उजवं बटण अदलाबदल करून ढकललं. मग ४५० रुपयांचा नवा माउस आणला. तो इतका चपटा की संध्याकाळपर्यंत मनगट बोलायला लागलं. जुनं मॉडेल आता मिळत नाही. तेव्हा दुरुस्ती.

भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय. त्याने माउस कानाशी धरून टकटक केलं आणि म्हणाला, "मावशी, बटणाला काही झालेलं नाही. खालचा मायक्रो स्विच गेलाय." स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तो उघडूनही दाखवला. माउसच्या पोटाला जे गुळगुळीत टेफ्लॉनचे पाय चिकटवलेले असतात, त्यांच्याखाली स्क्रू दडलेले असतात. केस वाळवायच्या ड्रायरने डिंक मऊ करून पाय काढले. घाई केल्यामुळे त्यातला एक सुरकुतला, तो माझ्या हातून.

आत प्लॅस्टिकच्या बटणाखाली हरभऱ्याच्या डाळीएवढी टिकली वर आलेली, लहानशी काळी डबी. तिच्यात तांब्याच्या मिश्रधातूची पातळ जीभ कमानीसारखी ताणून बसवलेली असते. जत्रेत पत्र्याचा टिकटिक बेडूक मिळायचा ना, तेच तंत्र. दाबलं की जीभ खटकन उलटते आणि खालच्या संपर्कबिंदूला टेकते. टेकताना ती थोडी उसळतेच. ती उसळी मोजली जाऊ नये म्हणून माउसमधली चिप काही मिलिसेकंद कानाडोळा करते. जीभ ढिली पडली, बिंदू झिजला किंवा काळवंडला, की उसळी त्या वेळेपेक्षा लांबते आणि चिप दुसरा क्लिक मोजून मोकळी होते. म्हणजे माझा गणपती घसरत होता तो मिलिमीटरभराच्या जिभेपायी.

मेट्रोने मंडईला उतरले आणि चालत तापकीर गल्लीत गेले. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही सुटं हवं असेल तर शेवटी बुधवार पेठेतल्या या गल्लीतच यावं लागतं. ऑनलाइन दहा-दहाची पाकिटं मिळतात, पण हातात घेऊन दाबून बघता येत नाहीत. मला पंचवीस वर्षं काम केलेल्या बोटाला पटेल असा स्विच हवा होता.

पहिल्या दुकानात "माउसचं बटण" म्हटल्यावर त्यांनी चार पायांचा, चौकोनी, सहा मिलिमीटरचा टॅक्ट स्विच पुढे केला. त्यांची चूक नव्हती. बऱ्याच माउसच्या बाजूच्या बटणांना तोच लागतो. मीच नीट सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दुकानात शहाणी होऊन "तीन पायांचा मायक्रो स्विच" म्हटलं. दुकानदाराने न बघताच गल्ल्याशेजारच्या वाटीतून दोन काढून कागदाच्या पुडीत बांधले. ४० रुपये, बिल नाही. घरी येऊन छपाईचं रजिस्टर, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसलेत का ते, तपासायचं माझं भिंग लावलं, तेव्हा कळलं. नव्या स्विचचे पाय सरळ, चकचकीत आणि एकसारखे लांब असतात. यांचे पाय आखूड, एक तर तिरका, आणि टोकाला राखाडी कथलाचे थेंब. कुठल्यातरी मेलेल्या माउसमधून उपटलेले! दुसऱ्याच्या पायातली झिजलेली चप्पल मला नवी म्हणून विकली होती. परत गेले तर "ताई, छोट्या मालाला रिटर्न नाही." चाळीस रुपयांसाठी भांडायला माझ्याकडे वेळ होता, पण त्या दिवशी घसा बसला होता.

तिसरं दुकान गल्लीच्या आतल्या अंगाला, जिन्याखाली, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. तिथल्या काकांनी आधी विचारलं, "माउस आणलाय का बरोबर?" आणला होता. त्यांनी जुन्या स्विचचं माप डोळ्यांनीच घेतलं आणि खणाखणांचा डबा उघडला. त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. ओमरॉन या जपानी कंपनीचा डी२एफ हा जणू मूळ साचा: १२.८ मिलिमीटर लांब, ५.८ रुंद, ६.५ उंच, पायांमधलं अंतर ५.०८. बाकीच्या कंपन्या बहुतेक याच मापात बनवतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा बसतो. फार चपट्या माउसमध्ये मात्र बुटका स्विच असतो, तिथे हा चालत नाही. आणि काही गेमिंग माउसमध्ये ऑप्टिकल स्विच असतात, त्यात क्लिक प्रकाशाचा किरण अडवून कळतो. तिथे हा सगळा उद्योगच गैरलागू.

काकांकडे तीन प्रकार होते. कैलचा जीएम ८.०, खोक्यावर ८ कोटी क्लिक लिहिलेले, जोडी ३२० रुपये. हुआनोचा निळ्या डबीचा, गुलाबी टिकलीचा, २ कोटींचा, चार नग १८० रुपये. आणि बिनानावाचे, २० रुपयांना एक. मी तिथेच उभ्याने हिशेब केला. दिवसाला पाच हजार क्लिक धरले, वर्षाचे तीनशे दिवस, तर वर्षाला १५ लाख. म्हणजे ८ कोटींचा स्विच झिजेपर्यंत मी एकशे दोन वर्षांची होईन. हुआनो बासष्टीपर्यंत पुरेल. काका हसले आणि म्हणाले, "तो आकडा जीभ मोडेपर्यंतचा. डबल क्लिक त्याच्या आधीच सुरू होतं." हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं, आणि गिऱ्हाईक जाऊ देऊन खरं सांगणाऱ्या दुकानदाराला मी आणखी एक तारा देते.

तिन्ही दाबून बघितले. कैलचा खटका स्वच्छ, हलका आणि चटकन परत येणारा. बिनानावाचा पोचट, ओल्या पापडासारखा. हुआनो जरा कडक, पण दाबला गेला की गेलाच, शंका नाही. माझं बोट सवयीने माउसवर टेकलेलं असतं, हलक्या स्विचवर चुकून दाबलं गेलं असतं. हुआनो घेतला. पाय भिंगाखाली बघू दिले, छापील बिल दिलं.

सोल्डरिंग तिथूनच चार दुकानं पुढे, फूटपाथवरच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाकडून करून घेतलं. एका बटणाचे ८० रुपये. त्याने पंपाने जुनं कथील ओढून घेतलं, पण मधल्या पायाचं निघेना. मग फ्लक्स, म्हणजे कथील नीट वाहावं म्हणून लावतात ते रसायन, लावून तांब्याच्या जाळीने टिपलं. एवढ्यावर त्याचं काम चोख. नवा स्विच मात्र तो उलटा बसवत होता. स्विचची टिकली मधोमध नसते, एका टोकाकडे सरकलेली असते, आणि तिन्ही पाय सारख्या अंतरावर असल्यामुळे डबी दोन्हीकडून बिनबोभाट बसते. उलटी लागली असती तर बटणाची दांडी टिकलीवर न पडता शेजारी पडली असती. जुना स्विच काढण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, तो दाखवला. "अरे हां, ताई," म्हणून त्याने फिरवला. तुम्हीही फोटो काढाच. सगळं मिळून बारा मिनिटं.

आता दोन महिने झाले. डबल क्लिक एकदाही नाही, ओढताना काही सुटलेलं नाही, एका शाळेची ६४ पानांची स्मरणिका यावर निघाली. तक्रारी दोन. एक, आवाज. जुना स्विच कुजबुजायचा, हा टणटणीत वाजतो. रात्री अकरानंतर काम केलं तर आतल्या खोलीतून "अगं, कुणी दार वाजवतंय का?" येतं. दुसरी, पहिले दहा-बारा दिवस तर्जनी दुखली, कडकपणाची सवय व्हायला तेवढा वेळ गेला. हलका हात असेल किंवा घरात तान्हं बाळ झोपत असेल तर कैलच घ्या.

पाचपैकी गुण: हुआनो स्विच चार, जिन्याखालचे काका पाच, सोल्डरवाला साडेतीन, आणि वाटीतून माल काढणारं दुकान शून्य. उजव्या बटणाचा स्विच अजून जुनाच आहे, त्याला फारसं काम नसतं. उरलेले तीन हुआनो कॅमेऱ्याच्या रिळाच्या जुन्या डबीत घालून ठेवलेत. सुरकुतलेल्या पायाच्या जागी तूर्तास सेलोटेपची चार पदरी घडी आहे, आणि माउस डावीकडे किंचित खरवडतो.