५ व्होल्टचं वायरलेस पॉवर मॉड्यूल: टेबलावर झकास, इनक्युबेटरमध्ये नखरे

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ साडेचारशेला घेतलं, दोन गोल कॉइल आणि नखाएवढी दोन सर्किटं, बस. एक कॉइल वीज पाठवते (ट्रान्समीटर), दुसरी वायरीशिवाय घेते. मोबाईल चार्ज करायला नाही हां, लॅबमध्ये पीडीएमएसच्या (सिलिकॉन रबर) बारीक चॅनलवाल्या चिपवर पेशी वाढवतो त्यांना मीडियम (पेशींचं पातळ खाद्य) पाजणारा पिझो पंप (वीज दिली की थरथरणाऱ्या चकतीचा छोटा पंप) चालवायचा होता. आधी वायरी होत्या, चिप हूडमध्ये (गाळलेल्या स्वच्छ हवेचं काम करायचं कपाट) न्यायची म्हटलं की त्या ओढल्या जायच्या, ट्यूब निसटायची, दोनदा बुरशी लागली.

टेबलावर काय चाललं राव! कॉइल समोरासमोर, मध्ये ५ मिमी, व्होल्टेज एकदम बरोबर, पंप मस्त सुरू. दीड सेमीवर नेली की मात्र आचके द्यायला लागतो, बाजूला सरकली तरी तेच.

मग ३७ डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये (पेशी उबेत ठेवायचं कपाट) ठेवलं. ट्रान्समीटरची वायर मागच्या भोकातून आत घेतली आणि कॉइल थेट स्टीलच्या रॅकवर, इथेच माती खाल्ली. इंडक्शन शेगडीवर पातेलं तापतं ना तेच झालं, कॉइलमुळे रॅकमध्येच करंट फिरायला लागले, अर्धी पॉवर त्यानेच खाल्ली आणि वर चिपखाली ३९ च्या पुढे. मीडियम तापलं की त्यातली विरघळलेली हवा बाहेर येते, आणि १०० मायक्रॉनच्या (०.१ मिमी) चॅनलमध्ये एक बुडबुडा अडकला की विषय संपला. सकाळी बघतो तर पंप चालू, मीडियम जागच्या जागी, पेशी मेलेल्या. आठ दिवसांची मेहनत. शरीरात बसवायच्या उपकरणाला तर बाहेरून ३७ च्या वर २ डिग्रीपेक्षा जास्त तापायची साधारणपणे सूट नसते, त्यामुळे हे मॉड्यूल पाहून इम्प्लांटची स्वप्नं बघू नका.

आता रॅकवर उलटा प्लास्टिकचा डबा, त्यावर फेराइटची शीट (कॉइलचं चुंबकी क्षेत्र रॅकपर्यंत जाऊ न देणारी), मग कॉइल. पंप एक मिनिट चालू चार मिनिटं बंद, ट्रान्समीटरलाच टायमर लावलाय. तापमानाचा प्रोब ३७.३ दाखवतो. आतल्या दमट हवेने सर्किटं गंजू नयेत म्हणून बहिणीची नेलपॉलिश दोन हात मारली (तिला अजून माहीत नाही). तीन आठवडे झाले, चिप नुसती उचलायची, ७० टक्के इथेनॉलने पुसायची की हूडमध्ये, बुरशी नाही.

दुकानदाराला विचारलं लोखंडावर चालेल का, तर म्हणे "बिनधास्त". पाचपैकी तीन. कॉइलचे जोड घरी आल्यावर परत सोल्डर करून घ्या, माझा एक आठवड्यात सुटला.