गांडूळखताचा बेड: चार महिने वापरून सांगतो

आमच्याकडे वाशिम भागात सोयाबीन निघालं की थ्रेशरमागे कुटाराचा ढीग पडतो, थोडं ढोरांना जातं आणि बाकीच्याला लोक काडी लावून मोकळे होतात. यंदा म्हटलं जाळायचं नाही, म्हणून ऑनलाइन एचडीपीईचा (विणलेल्या जाड प्लास्टिक कापडाचा) बेड मागवला, 12 बाय 4 बाय 2 फूट, 1600 ला पडला.

कापड जाड आहे, उन्हात राहूनही विरलं नाही, बाजूच्या जाळीतून हवा खेळते. पण फोटोत बांबूसकट उभा दाखवलाय आणि पार्सलमध्ये बांबू नाहीतच, ते आपले आपण आणायचे. आणि ती खालची व्हर्मीवॉशची, म्हणजे बेडमधून झिरपणारं पाणी काढायची नळी! पहिल्याच आठवड्यात जोडाची शिवण उसवली, सगळं पाणी जमिनीत. विकणाऱ्याला फोन केला तर फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, आणि नंतर फोनच उचलेना. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि सोल्युशन लावून भागवलं. घेताना आयएस 15907 (अशा बेडसाठीचं भारतीय मानक) चा मार्का बघा, माझ्या बेडवर नव्हता, मला तेव्हा माहीतच नव्हतं.

एक चूक माझी पण. शेण ताजं, कुटार कोरडं, आणि वरून लगेच 2 किलो गांडुळं सोडली. दुसऱ्या दिवशी हात घातला तर आत चटका बसेल एवढं गरम, निम्मी गांडुळं काठावर चढून बाहेर आणि खाली कोंबड्या टपलेल्याच. आई म्हणे, सोळाशेचं कोंबड्यांचं ताट आणलं का रे? मग सगळं उपसून शेणकाला टाकत 20 दिवस कुजवलं, वाफ थांबल्यावर परत भरलं, नवीन गांडुळं आणली, वर गोणपाट टाकलं, पाणी फक्त शिंपडायचं, मूठ दाबली तर एखादा थेंब यावा एवढंच. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) कुट्टी केल्याशिवाय टाकू नका, माझी अजून जशीच्या तशी पडून आहे.

45 दिवसांत खत असं जाहिरातीत होतं, मला 70 लागले, थंडी होती हे पण धरा. काढायच्या आधी पाच दिवस पाणी बंद केलं की गांडुळं खाली जातात, वरचं खत नुसतं खरवडून घ्यायचं. 8 पोती निघालं, चहापत्तीसारखं दाणेदार, शेणाचा वास अजिबात नाही. सगळं संत्र्याला टाकलं.

5 पैकी 3 स्टार, दोन नळीचे कापले. दुसरा बेड घ्यायचाच आहे पण तालुक्याला दुकानात जाऊन, शिवण हाताने ओढून बघूनच. कोंबड्या सध्या खुराड्यात.