भोसरीतील पगारपत्रक सल्लागार सेवा : दोन वर्षांचा अनुभव

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा यंत्रांचे सुटे भाग घडवणारा लहान कारखाना असून त्यात ३१ कामगार आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही पगारपत्रक, पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि व्यवसाय कर यांचे काम जवळच्याच एका सल्लागार कार्यालयाकडे सोपवले. त्या सेवेविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण पीएफमधील कपातीची चूक मालकाला लवकर कळते, परंतु मालकाच्या पीएफ हिश्शातून पेन्शन योजनेत जाणाऱ्या रकमेतली चूक बहुधा कामगार ५८ वर्षांचा होऊन अर्ज भरायला बसतो तेव्हाच समोर येते, आणि तोवर जुने हजेरीपत्रकही हाती लागत नाही.

पूर्वी ज्यांच्याकडे हे काम होते ते पीएफच्या भरण्याचे चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेऐवजी बऱ्याचदा १७ किंवा १८ तारखेला भरत. त्यापोटी वार्षिक १२ टक्के दराने व्याज लागले आणि वर दंडही भरावा लागला. त्याहून मोठा फटका प्राप्तिकरात बसला. कामगारांच्या पगारातून कापलेली वर्गणी मुदतीत भरली नाही तर मालकाला करपात्र उत्पन्नातून तिची वजावट मिळणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी दिला होता आणि त्याप्रमाणे आमची वजावट नाकारली गेली. कापलेला पैसा कामगाराचा असतो, तो दोन दिवसही आपल्याकडे राहता कामा नये, हे मला त्या वर्षी पुरते उमगले.

नव्या सल्लागारांनी पहिल्या महिन्यात चलन भरण्याआधी प्रत्येकाचा यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक), जन्मतारीख आणि पूर्वीच्या नोकरीचा तपशील तपासला, आणि दोन चुका काढल्या. आमचे सर्वांत जुने टर्नर ५८ वर्षे पूर्ण करून कामावर होते, तरी मालकाच्या हिश्शातील, वेतनाच्या ८.३३ टक्के इतकी रक्कम पेन्शन खात्यातच जात होती. वास्तविक त्या वयानंतर ती पीएफ खात्यात जायला हवी. दुसरी चूक एका तरुण अभियंत्याची. त्याची ही पहिलीच नोकरी आणि मूळ वेतन १८,००० रुपये. १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० रुपयांहून अधिक वेतनावर प्रथमच सदस्य होणाऱ्याला पेन्शन योजनेत घेता येत नाही, तरीही त्याच्या नावे दरमहा १,२५० रुपये तिकडे भरले जात होते. दोन्ही रकमा पीएफ खात्यात वळवण्याचा पत्रव्यवहार त्यांनी केला. त्याला बरेच महिने लागले, परंतु प्रत्येक पत्राची प्रत आम्हाला मिळत राहिली.

त्यांची पगारचिठ्ठी मराठीत असते, आणि माझ्या मते हेच या सेवेचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. उदाहरणादाखल, एका मदतनिसाचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये आणि एकूण पगार १६,००० रुपये आहे. त्याच्या चिठ्ठीवर पीएफ १,६८० रुपये, ईएसआय १२० रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये वजा होऊन हाती १४,००० रुपये येतात, हे तर दिसतेच. शिवाय मालकाने त्याच्यासाठी वेगळे भरलेले १,६८० रुपयेही दिसतात, ज्यांतील १,१६६ रुपये पेन्शनला आणि ५१४ रुपये पीएफला जातात. मालकाचा हिस्सा आपल्याच पगारातून कापला जातो, असा समज आमच्याकडे अनेकांचा होता. कायद्याने तसे करता येत नाही, हे आता त्यांना चिठ्ठीवरूनच कळते. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये का कापला, याचा खुलासाही खाली एका ओळीत असतो.

महिन्यातून एकदा त्यांचे एक गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात येऊन बसतात. गेल्या वर्षी आमच्या एका वेल्डरला मुलीच्या लग्नासाठी आधीच्या कारखान्यातील पीएफ व पेन्शनची सगळी रक्कम काढायची होती. तिथली सहा वर्षे आणि आमच्याकडची पाच, असा त्याचा हिशेब. गृहस्थांनी त्याला कागदावर मांडून दाखवले की पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते, ती ११ वर्षे जोडली तर पेन्शनसाठी धरलेले वेतन १४,००० गुणिले सेवेची वर्षे ११ भागिले ७० या सूत्राने वयाच्या ५८ व्या वर्षापासून दरमहा २,२०० रुपये होतात, पुढे नोकरी चालू राहिली तर ते वाढतील, आणि त्याच्या पश्चात पत्नीलाही पेन्शन मिळेल. पण मागच्या सहा वर्षांचे पेन्शनचे पैसे एकदा उचलले की ती सहा वर्षे सेवेतून वजा होतात. वेल्डरने जुने खाते इकडे जोडून घेतले आणि लग्नासाठी पीएफमधून नियमाप्रमाणे अग्रिम रक्कम घेतली. रक्कम मोठी नाही हे खरे, परंतु ती त्याची हक्काची आहे आणि तो ती नकळत सोडून देणार होता.

उणिवा सांगायच्या तर, आधार आणि यूएएनवरील नावातला फरक दुरुस्त करायला त्यांच्याकडे वेळ लागतो, आणि जून व डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीचे काम आले की दूरध्वनी उचलला जात नाही. शुल्क प्रति कामगार दरमहा ११० रुपये आहे, पूर्वीपेक्षा ३० रुपयांनी जास्त. मात्र हजेरी ५ तारखेपर्यंत पाठवली तर चलन १० तारखेच्या आत भरले जाते, आणि गेल्या २४ महिन्यांत यात एकदाही खंड पडलेला नाही.